सशाची शिंक

सुतारमामांचा लाकडावर भारी जीव. बाहेरच्याच खोलीत त्यांचा कारखाना. देवदाराची फळी रंध्याने तासली की घरभर असा वास सुटायचा की त्यापुढे त्यांना अत्तरही फिकं वाटे. लेकीने परगावी जाताना आपला ससा त्यांच्याकडे ठेवला, तेव्हा मामांनी पिंजऱ्यात त्याच लाकडाच्या ताज्या ढलप्यांची गादी घातली. "लोळ लेका राजासारखा!"

राजा शिंकायला लागला. डोळे गळू लागले. मामा त्याला पिंजऱ्यासकट घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले.

"हा वासच याला बाधतोय," पिंजरा हुंगून बाई म्हणाल्या. "भुशाची धूळही नको. कागदाचे कपटे घाला, वर सुकं गवत. ओलं झालं की बदला."

मामांचा पारा चढला. "जन्म गेला माझा या वासात! मला काय धाड भरलीय?"

तेवढ्यात ससा पुन्हा शिंकला आणि मामा विरघळले. घरी येऊन ढलप्या फेकल्या आणि रद्दी फाडत बसले. हळूहळू शिंका थांबल्या.

मग काय, शेजाऱ्याला ऐकवायला मामा मोकळे. "मुकं जनावर, सांगणार कसं? आपणच ओळखायला हवं."

स्वयंपाकघरातून मामींचा खोकला ऐकू आला, रोजचाच.

"मला तोंड आहे," खोकला आवरत त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून सांगतेय."

मामा उठले. कामाच्या मेजाला हात घातला.

"दुसरं टोक धर रे," ते शेजाऱ्याला म्हणाले. "मागच्या अंगणात न्यायचंय."