प्रश्नचिन्हांची तक्रार

निवृत्त होऊन बसलोय, पण ती सकाळ आजही आठवते आणि माझी मलाच लाज वाटते.

तेव्हा मी अलिबागच्या पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. जवळच्या थळ गावची एक कोळी बाई रोज ठाण्यात येऊन बाकावर बसायची. तिच्या म्हाताऱ्या बापाला विसरायचा आजार, एसटीत बसून कुठे गेला कोण जाणे. हरवल्याची तक्रार दाखल केली होती, पण पत्ता नव्हता. बाई रोज विचारायची, “साहेब, आज तरी काय खबर हाय?”

त्याच दिवसांत आमच्या वेबसाइटवर एक विचित्र तक्रार सारखी येत होती. नाव, पत्ता, मजकूर, सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं. मोबाईलच्या रकान्यातही दहा प्रश्नचिन्हं! हवालदार ‘खोडसाळपणा’ असा शेरा मारून निकाली काढायचे. चौथ्यांदा आली तेव्हा माझं डोकं फिरलं. सायबर शाखेने माग काढला, तर म्हसळ्याजवळच्या गावातलं फॉर्म भरून देणारं एक दुकान निघालं.

दुकानदाराला बोलावून घेतलं. चाळिशीचा माणूस, घामाघूम. मुद्दाम दोन तास बसवून ठेवला, मग दरडावलं, “काय रे, पोलिसांची थट्टा करतोस?”

त्याने पिशवीतून कागद काढला. “मस्करी न्हाय केली साहेब. पाठवायच्या आधी छापून ठेवलाय, बघा.”

कागदावर स्वच्छ मराठी होतं. ‘आमच्या देवळात एक म्हातारे बाबा आले आहेत. नाव सांगता येत नाही, होडीबद्दल बोलतात. घरच्यांना कळवावे.’ मोबाईल नंबरही मराठी आकड्यांत. ‘होडी’ वाचताच माझी नजर बाकावरच्या बाईकडे गेली. आमच्या जुन्या यंत्रणेला मराठी लिपीच कळत नव्हती. प्रत्येक अक्षराच्या जागी ती प्रश्नचिन्ह टाकत होती.

“अरे, मग सरळ ठाण्यात का नाही गेलास?”

“भीती वाटली. म्हटलं, आधी मलाच बसवून ठेवतील.”

मी त्याला बसवलंच होतं की!

बाईला आणि दुकानदाराला जीपमध्ये घेतलं आणि निघालो. म्हातारा देवळाच्या पायरीवर दोरीला गाठी मारत बसला होता. लेकीला बघून म्हणाला, “आलीस? भाकर आनलीस का?” बाई रडता रडता हसली. मीही डोळे पुसले, त्यात लपवायचं काय?

माणूस मदत करायला आला तरी आमच्याकडे आधी संशयित ठरतो, हे मला त्या दिवशी कळलं. यंत्रणा दुरुस्त व्हायला काही आठवडे लागले. माझी सवय मात्र त्याच दिवशी बदलली.

त्या दिवशी देवळातून निघताना दुकानदाराने विचारलं, “साहेब, ह्यापुढं इंग्रजीत भरू का फॉर्म?”

“मुळीच नाही,” मी म्हटलं. “तू मराठीतच लिही. वाचायला शिकायचंय ते आम्हाला.”