हसायचं की धावायचं

"ह्यावर हसायचं की धावायचं, गं?" पाहुण्यांचा मेसेज आला की मोबाईल माझ्यापुढे धरून ती विचारायची. दुसऱ्या हातात पदर घट्ट आवळलेला.

कळंबजवळच्या आमच्या रिसॉर्टमध्ये ती रिसेप्शनला, मी हिशेबाला. ती मूळची पोशीरची. सगळे तिला ताईच म्हणत. खोल्यांतल्या चादरी बदलता बदलता इंग्रजी शिकून ती त्या खुर्चीवर आली होती. पण पाहुण्यांचं इंग्रजी पुस्तकातलं थोडंच असतं? कुणीतरी जेवायला येणाऱ्या एका मित्रासाठी इंग्रजीत ‘दे’, म्हणजे ‘ते’, असं लिहिलं, तर ताईने सहा ताटं मांडली. आला एकच जण. "एकच हाय, पन मान मोठा असंल," म्हणत तिने त्याला दोन पापड जास्त वाढले.

खरी धास्ती ‘आय ॲम डेड’ची. विनोद आवडला तरी डेड, उकडलं तरी डेड. असा मेसेज आला की ताई पाण्याचा जग उचलून निघालीच. दार वाजवायची, आतली माणसं हलताबोलताना बघायची, जग ठेवून परत.

"अगं, बोलायची पद्धत आहे ती," मी वैतागून म्हटलं.

"ठाव हाय मला. आमी काय येगळं बोलतो? भाताच्या लावणीला माझा थोरला भाव म्हनला, मेलो गं आता. आमी सगळ्या हसलो. तो उठलाच नाय."

त्यानंतर मी तिला अडवलं नाही. मॅनेजरने मात्र बजावलं, पुन्हा कुणाचं दार वाजलं तर परत चादरी. खुर्ची जायची भीती तिलाही होतीच. मग मेसेज आला की ती खुर्चीचे हात धरून बसायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

एका दुपारी पुन्हा तेच शब्द आले, पुढे हसरे चेहरे. ताई थोडा वेळ बसली.

"जाते गं. मला नाय बसवत."

खोलीत मुली पत्ते खेळत होत्या. त्यांनी तक्रार केली आणि संध्याकाळी खुर्ची गेली. ताई चादरींकडे परतली नाही. कामच सोडलं तिने.

आता तिथे दहिवलीची एक हुशार मुलगी बसते. मेसेज वाचते, उलट हसरा चेहरा पाठवते, संपलं. आज दुपारीही एका खोलीतून ‘डेड’ आलं, तिने तेच केलं.

"बघून यायचं का?" मी विचारलं.

"काय हो मॅडम, मस्करी आहे ती."

असेलच. दर वेळी असते. मी जग भरून घेतला. ती खोली पार नदीकडच्या टोकाला आहे, आणि माझे पाय काही केल्या हळू पडेनात.