आमच्या बिल्डिंगवरून जाणारी रेघ

भांडुपच्या एका हॉस्पिटलने विक्रोळीत स्कॅनिंग सेंटर काढलं. तिथले स्कॅन भांडुपला बसलेल्या डॉक्टरबाईंना लगेच दिसायला हवे होते, म्हणून दोन्ही जागा जोडायचं काम आमच्या छोट्या कंपनीकडे आलं. पर्याय दोन. दोन्ही गच्च्यांवर समोरासमोर, बिनतारी सिग्नल पाठवणाऱ्या मायक्रोवेव्हच्या डिश बसवायच्या. आठवड्यात उरकतं, पण मधे काही आडवं येऊन चालत नाही. नाहीतर रस्त्याखालून फायबरची केबल. ते टिकतं, पण खोदकामाच्या परवानग्यांत महिने जातात.

सर्व्हेला मी गेले. हॉस्पिटलच्या गच्चीवरून दुर्बिणीने विक्रोळीकडे पाहिलं, वाट मोकळी होती. मग फोनवरच्या नकाशात दोन टोकं जोडली, तर रेघ कांजूरमार्गला थेट आमच्या चार मजली बिल्डिंगवरून गेली. पुन्हा दुर्बीण लावली. टाकीशेजारी आईने वाळत घातलेली हिरवी चादर दिसली.

आदल्याच रविवारी सोसायटीच्या सभेत रिडेव्हलपमेंटच्या करारावर सह्या झाल्या होत्या. बाबा कमिटीत होते. तिथे बावीस मजल्यांचा टॉवर होणार होता.

ऑफिसात मी सरांना म्हटलं, "मायक्रोवेव्ह नको सर. मधे टॉवर येतोय."

"कोण म्हणालं?"

"आमचीच बिल्डिंग आहे. सह्या झाल्यात."

सर हसले. "अगं, सह्या माझ्या सासऱ्यांच्या बिल्डिंगच्यापण झाल्यात. दहा वर्षं झाली, सासरे अजून तिथेच आहेत."

पण सही करून आलेल्या बाबांचा खुललेला चेहरा मी पाहिला होता. मी हटले नाही. शेवटी सर म्हणाले, "ठीक आहे. रिपोर्टवर सही तुझी."

फायबर ठरलं, आणि पुढचे पाच महिने वाईट गेले. पावसाळ्यात रस्ता खणायला परवानगी मिळेना. स्कॅनच्या सीड्या रिक्षाने भांडुपला जायच्या. डॉक्टरबाई मला फोन करायच्या, आवाज न चढवता. "पेशंट इथे आहे, सीडी गांधीनगरच्या सिग्नलला आहे. मी काय करू, सांग." दिवाळीनंतर फायबर सुरू झालं आणि त्यांचे फोन थांबले.

याला तीन वर्षं झाली. बिल्डरचं कुठेतरी अडलंय, आमची बिल्डिंग होती तशीच उभी आहे. मायक्रोवेव्ह अगदी नीट चालला असता. सरांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

एकदा जेवताना घरी सगळं सांगितलं. बाबा भात कालवत राहिले. आई म्हणाली, "म्हणजे आम्ही अजून इथेच राहतोय, म्हणून तुझं काम चुकलं?"

"तसंच काहीतरी."

"मग त्या बाईंना एकदा फोन कर. सॉरी तरी म्हण."

दुसऱ्या दिवशी केला. कारण सांगितलं, माफी मागितली. त्या घाईत होत्या. "अगं, आता लाईन चांगली चालते ना, मग झालं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.