उन्हाकडं बघून घेतलेलं घर

जळगावात ऊन मिळत नाही असं मी कुणाला म्हटलं, तर तो मला सरळ वेड्यात काढील. ज्या गावात होळी झाली न झाली की माणसं डोक्याला रुमाल गुंडाळून फिरायला लागतात, दुपारी रस्ते ओस पडतात, तिथं उन्हाची टंचाई कसली? पण आमच्या गल्लीत ती झाली, मी डोळ्यांनी पाहिली. आणि तिचा फटका बसला तो आमच्या अक्काला.

मी बोदवडकडची. लग्न होऊन इथं आले तेव्हा आमच्या घरासमोर भलामोठा मोकळा प्लॉट होता. मालक सुरतेकडं कुठंतरी, त्याला त्याची आठवण नसावी. त्यामुळं तो सगळ्या गल्लीचाच होता. लग्नाचे मांडव तिथं, पोरांचं क्रिकेट तिथं, आणि चैत्र लागला की बिबड्या तिथं. बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवायची, वाळवायची, भरडायची, मग तीळ-लसूण-जिरं घालून मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा. तो गरम असतानाच ओल्या धोतरावर किंवा जुन्या लुगड्यावर हाताला पाणी लावून पातळ थापायचा, आणि पुढचं काम उन्हावर सोडायचं.

हे एकटीचं काम नव्हे. म्हणून गल्लीत रीत होती, आज एकीच्या घरच्या बिबड्या, उद्या दुसरीच्या, आणि थापायला सगळ्याजणी. मजुरी कुणी द्यायची नाही, घ्यायची नाही. वाटीभर गरम घाटा, त्यावर कच्च्या तेलाची धार, एवढाच मोबदला. नवी नवरी म्हणून मी पहिल्या वर्षी लाजत लाजत अर्धी वाटी घेतली, तर सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बोदवडला उपाशी ठेवत होते का गं तुला, की इथं येऊन सवय मोडायची नाही?" सगळ्या हसल्या. तिथं मी ह्या गल्लीची झाले.

ह्या सगळ्याची म्होरकी अक्का. शिंदखेड्याकडची, नवरा डाळ मिलमध्ये कामाला होता तो लवकर गेला, पदरी एक मुलगा. गल्लीच्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहायची आणि बिबड्या, पापड, कुरडया करून विकायची. आमच्या बिबड्या वर्षाच्या हौसेच्या, तिच्या पोटाच्या. इतकी वर्षं जळगावात काढून तिनं आपली अहिराणी काही सोडली नाही. घाटा ढवळताना माझा हात मंदावला की ओरडायची, "हालाव वं, हालाव! झोपी गई का काय?" तिची बोलणी खाताना कधी वाईट वाटलं नाही. उलट ती गप्प असली तर आम्हालाच चुकल्यासारखं व्हायचं.

मग गाव वाढायला लागलं. महामार्ग रुंद झाला, जिकडंतिकडं नव्या वसाहतींच्या कमानी उभ्या राहिल्या, आणि सुरतेच्या मालकाला एके दिवशी आपला प्लॉट आठवला. तिथं बिल्डिंग झाली. मग शेजारच्यांनी घर बिल्डरला दिलं, मग आम्हीही दिलं. खोटं कशाला बोलू? मला त्याचं सुख आहे. लिफ्ट आहे, गुडघे सुटले. नळाला पाणी केव्हा येणार म्हणून पहाटेपासून कान लावून बसावं लागत नाही. ह्या वाढीनं लोकांचं भलं केलं का असं कुणी विचारलं, तर मी नाही म्हणणार नाही. पण कुठल्या लोकांचं आणि कशाच्या बदल्यात, हेही मी सांगणार, मग समोरचा तोंड वाकडं करो.

अक्काचंच बघा. फ्लॅटमधल्या सुनांना बिबड्या येत नाहीत, पण खायला सगळ्यांना हव्यात. पुण्याला गेलेल्या मुलींना डबे भरून पाठवायला हव्यात. तिच्याकडं पूर्वी कधी नव्हती इतकी मागणी आली. म्हणजे धंद्याला बरे दिवस आले, आणि नेमका तेव्हाच धंदा मांडायला जागा उरली नाही. गल्लीत दोन्ही बाजूंनी इमारती, मध्ये दुपारी घटकाभर उन्हाचा पट्टा पडायचा तो गाड्यांच्या टपांवर. आमच्या गच्चीला सोसायटीनं कुलूप लावलं. मी किल्ली मागायला गेले, तर सेक्रेटरी म्हणाले, "ताई, परवानगी एकाला दिली की सगळे लोणची घेऊन वर येतील." मी म्हटलं, "येऊ देत की! लोणच्यानं गच्ची गळते का?" किल्ली काही मिळाली नाही.

पण अक्का हार मानणारी नव्हे. नशिराबादच्या बाजूला तेव्हा नवीन प्लॉटिंग पडलं होतं. पूर्वीचं कपाशीचं शेत, तिथं आता मुरमाचे रस्ते, चुना लावलेले दगड, रंगीत झेंडे, आणि माणूस नावाला नाही. अक्कानं ते बसमधून जाता-येता हेरलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही सगळ्या जुन्याजाणत्या बायका लोडिंग रिक्षात पातेली, जळणाला पऱ्हाट्यांचा भारा आणि लुगडी घेऊन तिकडं. तीन दगडांची चूल मांडली. केवढं ऊन होतं तिथं! नुसतं मोकळं, कुठं कुणाची सावली नाही. किती वर्षांनी आम्ही इतक्या मोठ्यानं हसलो होतो. मला तर लग्न नुकतंच झाल्यासारखं वाटत होतं.

बिबड्या अर्ध्या वाळल्या, तोच साइटचा एजंट मोटारसायकल उडवत आला. "ओ मावशी, हे काय लावलंय? इथं गिऱ्हाईक येतात आमचे!"

अक्का उठलीसुद्धा नाही. "भाऊ, हाई ऊन कोना बापनं शे का? वाळनात का आम्ही उठी जासूत. तू घाटा खाय."

त्याला वाटीत घाटा दिला, वर तेल. उभ्याउभ्या खाऊ लागला. तेवढ्यात गिऱ्हाइकाची गाडी आली. आम्हाला वाटलं, आता हाकलणार. तर हा गडी तोंड पुसत पुढं झाला आणि आमच्याकडं हात करून म्हणाला, "बघा साहेब, वस्ती सुरू झाली!" आम्ही पदर तोंडात कोंबून हसलो. त्यानंतर तो स्वतःच विचारायचा, अक्का, पुन्हा कधी येताय? दोन-तीन उन्हाळे आम्ही त्याची वस्ती झालो.

त्याच सुमारास अक्काच्या खोलीच्या मालकानंही घर बिल्डरला द्यायचं ठरवलं. भाडेकरूंनी निघायचं होतं. तिचा मुलगा पीओपीच्या छताची कामं करतो, आणि एवढी घरं बांधली जात असताना त्याला श्वास घ्यायला सवड नव्हती. त्यानं कर्ज काढून फ्लॅट घ्यायचा ठरवला. भाड्याच्या खोलीत वाढलेला पोरगा आईला स्वतःचं घर देतो, ह्याचा मला इतका आनंद झाला की मी गल्लीत पेढे वाटले. त्यानं आईला चार ठिकाणी नेऊन दाखवलं. अक्काला एकही पसंत पडेना. मग तिनं आपणच जागा दाखवली, नशिराबादच्या बाजूची, आम्ही चूल मांडायचो तीच. तिथं आता पहिली इमारत उठत होती. मुलगा म्हणाला, गावापासून लांब पडेल. ही म्हणाली, "लांब ते लांब. ऊन ते शे!" स्वयंपाकघर केवढं, पाणी कसं, काही विचारलं नाही. बाकीची माणसं भाव बघून घर घेतात, हिनं ऊन बघून घेतलं. मीही तिच्यासोबत होते. मलाही ते अगदी बरोबरच वाटलं होतं.

पण ऊन मोकळ्या जमिनीचं होतं. तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराचा ताबा मिळेपर्यंत समोरच्या प्लॉटवर तिच्याहून उंच इमारत आली, मागं आणखी एक. वास्तुशांतीला आम्ही सगळ्या गेलो. घर देखणं होतं. मुलानं आपल्या हातानं केलेलं छत होतं, त्यात दिवे. येणारा-जाणारा वर बघून वा म्हणत होता, आणि अक्का गॅलरीत उभी होती. मी जवळ गेले. तिनं कठड्याबाहेर हात काढून तळवा वर केला होता. समोरच्या गॅलरीत कुणाचे तरी टॉवेल वाळत घातलेले. बाराची वेळ, पण तळव्यावर सावलीच.

मी घाईघाईनं म्हटलं, "अक्का, वर गच्ची असेल ना."

"देखी वनू मी," ती म्हणाली. "तठे टाक्या आनि त्या सोलरन्या काचा शेतस. बठ्ठी गच्ची भरेल शे." मग मुलाकडं बघून आवाज खाली आणला. "तेले काही सांगू नको वं. गह्यरी मेहनत करी त्यानी."

ती जेवली, सगळ्यांना आग्रह केला, आहेर केले. बायका म्हणत होत्या, अक्का, आता आराम करा, खूप केलंत. ती हसून मान हलवत होती. मला त्या बायकांचा राग येत होता, आणि ज्याच्यावर काढावा असं कुणीच समोर नव्हतं. मुलाचं काही चुकलं नव्हतं. समोरच्या इमारतीतही अशाच कुणाच्या तरी आईला घर मिळालं असणार.

त्या वर्षी तिनं कुणाचीच मागणी घेतली नाही. मी बिबड्यांचं पाकीट दुकानातून आणलं. फोडलं, भाजलं, खाल्लं, बऱ्या होत्या.

यंदा चैत्रात एका दुपारी तिचा फोन आला. मुलगा बरा आहे, सून चांगली आहे, नातू शाळेत जातो, सगळं सांगून झालं. मग तिनं विचारलं, "तुमना गल्लीमा ऊन तापनं का वं? आठे काही समजत नही."