कडुलिंबाखाली झोपलेला माणूस

त्या प्रशिक्षकाचा राग मला अजून येतो. ओळखीचे लोक म्हणतात, तुम्ही ख्रिस्ती आहात, क्षमा करून टाका. करीन कधीतरी. आधी झालं काय ते सांगते.

सांगलीला विश्रामबागेत माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. कॉलेजची मुलं टायपिंग आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकायला येतात. मे महिन्यात ती गावी गेली की मशीन नुसती पडून असतात. हे आमच्या पाळकसाहेबांना माहीत होतं. एका रविवारी उपासना झाल्यावर त्यांनी मला थांबवलं. "आपले सुवार्तिक गावोगाव फिरून येशूची गोष्ट सांगतात," ते म्हणाले, "पण त्यांना साधं मराठी टाइप करता येत नाही. बायबलमधली वचनं टाइप करणं, गाणी रेकॉर्ड करणं, छोटे व्हिडिओ बनवणं, एवढं शिकवाल का?" मी लगेच हो म्हणाले. आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. आई जन्मभर नर्स होती, देवाचं काम म्हणूनच तिने ते केलं. मला वाटलं, आपल्याला जे येतं ते आपण द्यावं.

शिकायला आलेल्यांत बहुतेक पुरुष होते. बायका थोड्याच. त्यातली एक कवठेमहांकाळच्या पलीकडच्या एका वस्तीवरून यायची. मेंढपाळाच्या घरातली, पन्नाशीच्या आतबाहेरची, काळीसावळी, अंगाने बारीक. शाळा सातवीपर्यंत झालेली. नवरा तिला मोटारसायकलवरून सोडायला यायचा. परत जाऊन पुन्हा न्यायला येणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून क्लास सुटेपर्यंत तो समोरच्या कडुलिंबाखाली बसून राहायचा. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. तो स्वतः ख्रिस्ती नव्हता. आरेवाडीच्या बिरोबाला जायचा, वर्षाची जत्रा कधी चुकवायचा नाही. आणि बायकोला रविवारी प्रार्थनेला सोडायलाही तोच यायचा. मी एकदा विचारलं, घरात यावरून वाद होत नाहीत का. ती म्हणाली, "कशाला हुत्याल? त्यो त्याच्या देवाला जातोय, मी माझ्या. मेंढरं दोघांची हायती."

तिने माझ्याकडे पहिला शब्द टाइप केला तो तिच्या मुलीचं नाव. एकेक कळ शोधत, वेलांटी चुकवत, पुसत. नाव पूर्ण झालं तेव्हा तिने पडद्यावरच्या अक्षरांवर बोट टेकवलं. मग आपणहून सांगायला लागली. मेंढरं घेऊन ते कोकणात उतरले होते, वाटेत पोरीला ताप भरला. मिळेल त्या गाडीने मिरजेच्या दवाखान्यात आणली, पण उशीर झाला होता. पोर गेली त्या रात्री तिथल्या एका बाईने तिच्याजवळ बसून पोरीचं अंग पुसलं, केस विंचरले, वेणी घातली. "ती बाई माज्यासंगं रडली बघा," ती म्हणाली. "सोताची पोर गेल्यागत. म्हनून मी तिच्या देवाकडं गेले. दुसरं काय कारन न्हाई."

मी ख्रिस्ती घरात जन्मले. साक्षी, म्हणजे आपल्याला देव कसा भेटला ते सांगणाऱ्या गोष्टी, ऐकतच मोठी झाले. एवढी साधी आणि एवढी खरी साक्ष मी त्याआधी ऐकली नव्हती.

शेवटच्या आठवड्यात मोठ्या शहरातल्या एका संस्थेकडून तो प्रशिक्षक आला. तिशीतला, हसतमुख, मराठीत मध्येच हिंदी आणि इंग्रजी मिसळणारा. व्हिडिओ तो शिकवणार होता. पहिल्याच दिवशी त्याने फळ्यावर तीन चौकोन काढले. पहिल्यात लिहिलं अंधार, दुसऱ्यात भेट, तिसऱ्यात प्रकाश. "प्रत्येक साक्ष अशीच बसली पाहिजे," तो म्हणाला. "पहिला भाग जेवढा काळा, तेवढा तिसरा उजळ दिसतो. लोक मोबाइलवर अंगठा फिरवत असतात. सुरुवातीलाच धक्का बसला नाही तर पुढे निघून जातात."

मग त्याने तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं. मी शेजारीच उभी होते.

"ताई, येशूला ओळखण्याआधी घरची परिस्थिती कशी होती?"

"बरी हुती. दुष्काळात वाईट, पाऊस झाला की बरी."

"आणि नवरा? त्रास द्यायचा का?"

"न्हाई. गडी चांगला हाय."

"दारू वगैरे?"

"न्हाई ओ."

त्याने कॅमेरा बंद केला आणि हसून म्हणाला, "ताई, जरा आठवून बघा. काहीतरी असेलच." मग कॅमेरा पुन्हा सुरू करून त्याने मुलीबद्दल विचारलं, कारण ते त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ती बोलली. बोलता बोलता रडली. त्याने ते सगळं टिपून घेतलं आणि तिचे आभार मानले. जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइल घेऊन सगळीकडे फोटो काढत फिरत होता. क्लासचे, मशीनचे, खिडकीतून बाहेरचेही.

पंधरवड्याने मेळावा होता, कराडला लागून असलेल्या मलकापुरात, एका मंगल कार्यालयात. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांतल्या चर्चच्या मंडळ्या आल्या होत्या. प्रशिक्षण घेतलेल्यांना प्रमाणपत्रं मिळायची होती, म्हणून ती आली होती आणि तिला घेऊन नवराही. तो मागच्या रांगेत कडेला बसला. इतक्या लोकांत पटका घातलेला तो एकटाच. बसल्यावर त्याने तोही काढून मांडीवर ठेवला.

प्रशिक्षकाने पडद्यावर व्हिडिओ लावला. आधी कोरडा माळ, त्यावर वारा. मग एक हिंदी आवाज, खर्जातला. आणि मग तो. कडुलिंबाखाली झोपलेला, तोंड उघडं, पटका डोळ्यांवर घसरलेला. फोटो काळापांढरा केलेला. खाली मराठीत मोठ्या अक्षरांत, "दारुड्या नवऱ्याचा छळ, अंधश्रद्धेचा अंधार." त्याच्यामागून ती रडताना. मुलीबद्दल ती जे बोलली होती त्यातलं अक्षरही नव्हतं. आवाज काढून टाकलेला आणि नुसतं रडणं ठेवलेलं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की ती नवऱ्याच्या माराने रडते आहे. शेवटी रंग आले, संगीत चढलं आणि माझ्या क्लासमध्ये कीबोर्डसमोर बसून ती हसताना दिसली.

ती पुढच्या रांगेत उठून उभी राहिली. "बंद करा त्ये," ती म्हणाली.

प्रशिक्षकाने माइक घेतला. "ताई भावुक झाल्या आहेत. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवू या."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळं सभागृह. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. मी मागे वळून पाहिलं. नवऱ्याने मांडीवरचा पटका उचलला, शांतपणे डोक्याला गुंडाळला आणि तो दाराबाहेर गेला. पुढे जाऊन मी लॅपटॉपची वायर उपसली. पडदा निळा झाला. काय करावं ते कुणाला कळेना, म्हणून पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली.

बाहेर तो मोटारसायकलजवळ उभा होता. ती त्याच्यासमोर. मी पोचले तेव्हा ती म्हणत होती, "म्या असलं काय बोलले न्हाई."

"मला ठाव हाय," तो म्हणाला. "तू न्हाई बोललीस. पर तुज्याच त्वांडानं सांगितल्यागत दिसतंय त्यात." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आवं बाई, पाटंच्याला उठून मेंढरं बघायची, तिथनं गाडी मारत सांगलीला यायचं. माणूस झोपंल न्हाई तर काय करंल? त्येला मला उठवून इचारता येत नव्हतं व्हय?"

ती दोघं निघून गेली. प्रमाणपत्र टेबलावरच राहिलं.

मी आत गेले. जेवणाच्या पंगती बसत होत्या आणि प्रशिक्षक ताट घेऊन उभा होता. मी त्याला विचारलं, हे खोटं का दाखवलंत. तो चिडला नाही, याचाच मला जास्त राग आला. "मॅडम," तो समजावत म्हणाला, "व्यक्ती महत्त्वाची नाही, संदेश महत्त्वाचा. असे किती नवरे आहेत. कुणाच्या तरी बाबतीत हे खरंच आहे ना?"

"मग त्या कुणाच्या तरी घरी जा," मी म्हणाले. "याच्या घरी का गेलात?"

"चेहरा तर लागतो."

"स्वतःचा लावा. तुम्ही बसमध्ये झोपला असाल तेव्हाचा."

पाळकसाहेब माझा हात धरून मला बाजूला घेऊन गेले. चांगला माणूस आहे, माझ्या आईच्या अंत्यविधीला रात्रभर बसला होता. पण त्या दिवशी ते म्हणाले, "आवाज वाढवू नका. बाहेर आपल्याबद्दल आधीच काय काय बोललं जातं. फसवतात, खोटं सांगतात म्हणतात. आपणच तमाशा केला तर त्यांना आयतं मिळेल."

माझं डोकं फिरलं. लोक आपल्याला खोटारडे म्हणतात, म्हणून आपण आपलं खोटं झाकायचं? मी त्यांना तेच विचारलं, आणि खालच्या आवाजात विचारलं नाही. वाढणारी पोरं थांबून बघायला लागली. "साहेब," मी म्हणाले, "माझ्या आईनं हजारो माणसांची अंगं पुसली. एकाचीही गोष्ट तिनं आम्हाला घरात सांगितली नाही. ती पेशंटची आहे म्हणायची. आणि इथं एका बाईचं मेलेलं पोर काढून टाकून तिथं दारूची बाटली ठेवली. ते तुम्हाला चालतं, आणि माझा आवाज चालत नाही." ते म्हणाले, आपण कमिटीत बोलू. मी न जेवता एसटीने सांगलीला आले.

कमिटीत बोलणं झालं. तिथे मला कळलं की मेळाव्याच्या आदल्या रात्रीच तो व्हिडिओ मंडळ्यांच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गेला होता. संस्थेने आपल्या पानावरून तो काढला आणि प्रशिक्षकाने एक संदेश पाठवला. कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे, असा. असल्यास. तो शब्द वाचून मी फोन पलंगावर फेकला.

फोनमधून फोनमध्ये गेलेलं कोण काढणार? व्हिडिओ तालुक्यात पोचला. मेंढरांच्या बाजारात लोक तिच्या नवऱ्याला "काय दारुड्या, आज शुद्धीवर का?" म्हणून हाका मारायला लागले. जन्मात थेंब न घेतलेला माणूस. भाऊबंद म्हणाले, बघ, बायकोला सोडायला जात होतास ना, त्याचं हे फळ. त्याने भाऊबंदांना काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. त्याने तिला प्रार्थनेला जायला बंदी केली नाही. फक्त स्वतः सोडायला येणं बंद केलं. ती एसटीने येते, आणि एसटी चुकली की येत नाही.

पावसाळ्यात मी तिच्या वस्तीवर गेले. तिनेच बोलावलं होतं. तिला स्वतःचा व्हिडिओ करायचा होता. तिची अट होती की नवरा शेजारी बसला पाहिजे. तो तयार नव्हता. "झालं तेवढं बास," म्हणाला. ती त्याच्याशी आत जाऊन बोलली. मग तो आला आणि बाजेवर तिच्याशेजारी बसला, पण शेवटपर्यंत कॅमेऱ्याकडे बघितलं नाही, मेंढरांकडे बघत राहिला. तिने पोरीबद्दल सांगितलं. वेणीबद्दल सांगितलं. शेवटी म्हणाली, "ह्यो माजा नवरा. ह्येनं कवा दारू पिली न्हाई, माज्यावर कवा हात उचलला न्हाई. पोर मिरजेला न्हेताना ह्येनंच तिला मांडीवर घितली हुती." मग तिने माझ्याकडून मोबाइल घेतला आणि खालचा मजकूर स्वतः टाइप केला, वेलांट्या न चुकवता.

आम्ही तो त्याच ग्रुपांवर पाठवला. काही लोकांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. पुढे कुणी पाठवला नाही. साताऱ्याकडच्या एका पाळकांनी लिहिलं, "छान आहे, थोडा लांब झालाय." बाजारातल्या हाका तशाच चालू राहिल्या.

पुढच्या वर्षी पाळकसाहेब पुन्हा आले. या वेळी बाहेरचा प्रशिक्षक नको, सगळं तुम्हीच शिकवा, म्हणाले. मी नाही म्हणणार होते. पण मग ते दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील आणि तो फळ्यावर तीन चौकोन काढेल, म्हणून मी हो म्हटलं. पहिल्या तासाला मी कॉम्प्युटर लावलेच नाहीत. घडलेलं सगळं सांगितलं, नावं न घेता. मग म्हणाले, ज्याचा फोटो काढाल त्याला विचारा, आणि जे बनवाल ते पाठवायच्या आधी त्याच्याच शेजारी बसून त्याला दाखवा. त्याला मान्य नसेल तर पुसून टाका.

सगळ्यांनी माना हलवल्या. इस्लामपूरकडचा एक सुवार्तिक होता, माझ्याच वयाचा, सबंध वेळ लक्ष देऊन ऐकत होता. त्याने हात वर केला.

"पटलं मॅडम," तो म्हणाला. "पण मग सुरुवातीचा अंधार कुठून आणायचा?"

मी त्याला बाहेर जायला सांगितलं. तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करते आहे. मी उठून दारापर्यंत गेले, दार उघडलं आणि तो उठेपर्यंत तिथेच उभी राहिले.