तिसरी फेरी

आमच्या कंपनीचं एक छोटं विमान होतं. श्रीरामपूरच्या पुढे, उसाच्या रानातल्या मुरमाच्या धावपट्टीवर ते उभं असायचं. पट्टीवरच्या शेळ्या हाकलायचं काम माझं. उडायच्या आधी पायलटसाहेब विमानाभोवती फिरायचे. चाकांना, पंखांना हात लावून प्रत्येकाला हळूच "ठीक" म्हणायचे, आजाऱ्याची विचारपूस करावी तसं. गेल्या नव्वद दिवसांत तीनदा उडून उतरणं झालं नसेल, तर नियमाप्रमाणे आधी एकटेच तीन फेऱ्या मारायचे आणि मगच माणूस बसवायचे. कंपनीचे मोठे साहेब मोटारीत घड्याळ बघत चडफडायचे. पायलटसाहेब तिकडे बघायचेसुद्धा नाहीत.

दुष्काळात कंपनीनं विमान विकलं. चार महिने ते जागचं हललं नव्हतं. न्यायच्या आदल्या संध्याकाळी मी धीर करून म्हणालो, "साहेब, एकदा वरून आमचं घर दावता का?"

ते हसले. "तीन फेऱ्या मारतो, मग बसा."

दोन झाल्या आणि दिवस मावळायला आला. पट्टीवर दिवे नव्हते; अंधाराआधी आता एकदाच उडता आलं असतं. त्यांनी इंजिन बंद केलं.

"दोन झाल्यात की," मी म्हणालो. "आपन दोघंच तर हाय. कुनाला कळतंय?"

"मोठ्या साहेबांना तीन," ते म्हणाले, "मग तुम्हाला दोन कशा चालतील?"

सकाळी उजाडताच निघायचं होतं; ते एकटेच विमान घेऊन गेले. उभ्या नोकरीत मला मोठ्या साहेबांच्या बरोबरीनं फक्त त्यांनी धरलं. तरी अजून विमानाचा आवाज आला की वाटतं, त्या दिवशी तासभर आधी विचारायला हवं होतं.