खोबरेल लावलेला गिअर

मुलीला गाडी शिकायचीय म्हणून मी बाबांची जुनी गाडी नीट करायला घेतली आणि गेल्या रविवारी गिअरची मूठ काढून गॅलरीत बसले. वरचं फाटकं कातडं सोललं तसा खवट खोबरेलाचा वास आला. बाबा दर रविवारी ते खोबरेलाने चोळायचे. त्याने कातडं टिकतं, असा त्यांचा हट्ट. खरं तर ते कुजतच होतं.

त्या वासासरशी मी बावीस वर्षांची झाले. भांडुपच्या ट्रॅफिकमध्ये गाडी मी चालवत होते, बाबा शेजारी बसून शिकवत होते. काचा वर, एसी बंद. गाडी हलत नाही तोवर सांगून टाकावं म्हणून मी म्हणाले, "बाबा, मला पुण्याला नोकरी लागलीय."

गिअरवरच्या माझ्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला आणि दाबून धरला. मूठ तेलकट, तळहाताला घाम. हात ओढला तरी सुटेना. मागून हॉर्न वाजायला लागले.

"पहिला टाक," बाबा म्हणाले. हात तसाच. मी पहिला टाकला. पुण्याचं पुन्हा कुणी काढलं नाही.

तेव्हा त्यांचा रागच आला होता. आता वाटतं, ते घाबरले होते. तरी बोटं अजून आवळल्यासारखी होतात.

धातू घासून चकचकीत केला, नवं कातडं शिवून घेतलं, मूठ परत बसवली. आज मुलगी चालवत होती. मुलुंड चेकनाक्याला अडकलो, तशी म्हणाली, "आई, तुला एक सांगायचंय."

मी उजवा हात मांडीखाली दाबला आणि म्हणाले, "बोल."